सोबत जोडपत्र

भाईंदर पूर्व,
मंगळवार, सायंकाळ

प्रिय मनाली,

दोन वर्षांनी तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. तुझी खुशाली विचारण्याचा अधिकार मला उरलेला नाही; का, ते पुढे येईलच. फोन करता आला असता, पण फोनवर माझा आवाज फुटत नाही हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तूच म्हणायचीस, रसिका कागदावर बोलते आणि तोंडाने नुसते हुं हुं करते. म्हणून हा कागद. कॉन्रॅड उद्या मोटारसायकलने उरणला येऊन हे पाकीट तुझ्या मामांच्या घरी तुझ्या हातात देईल. आत काय आहे ते मी त्याला सांगितलेले नाही.

अल्पेशभाईंच्या थाळ्यांच्या कारखान्याची इमारत पाडणार आहेत आणि येत्या रविवारी दुपारी आपल्या गाळ्यातला शेवटचा कार्यक्रम आहे, हे त्याने तुला कळवलेच आहे. काल मी तिथे आवराआवर करायला गेले होते. पॉलिशची यंत्रे उचलून नेली आहेत; जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन तेवढे राहिले आहेत. भिंतीला टेकून रचलेल्या स्टीलच्या थाळ्यांची चळतही नाही. तुला आठवते? कॉन्रॅडने बेस गिटारची जाड तार छेडली की त्या थाळ्या आपोआप थरथरायच्या. ड्रमवर बसलेल्या निकेतने वैतागून त्यांच्यामध्ये गोणपाटे कोंबली, तेव्हा तू त्याला म्हणालीस, ‘काढ ती पोती. फुकटची साथ हाय.’ काल मी रिकाम्या भिंतीला हात लावून पाहिला. असे काही करणे वेडेपणाचे आहे, हे कळत असूनही.

मी तुमच्यात आले ती एका चुकीमुळे, हे अलीकडे वारंवार आठवते. वाचनालयाच्या दारावर तू हाताने लिहिलेला बँडचा फलक डकवला होतास: ‘खाजण. आपली गाणी, आपल्या बोलीत. रविवारी दुपारी यावे हि विनंती.’ ‘हि’ ऱ्हस्व पाहून मला राहवले नाही. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मी पेन्सिलीने ती दीर्घ केली, आणि मागे वळले तो तू कमरेवर हात ठेवून उभी. मला वाटले, आता बोलणी बसणार. तू म्हणालीस, ‘बाई, पुढचा फलक तूच लिव.’ दहावीला शाळेत पहिली येऊनही ज्या मुलीला कोणी कधी कुठल्या घोळक्यात बोलावले नव्हते, तिला तू एका वेलांटीच्या बदल्यात घर दिलेस.

तीन वर्षे मी फलक लिहिले, फेसबुकच्या पानावर मजकूर टाकला, दारात उभी राहिले. बाबांच्या शाळेच्या कार्यालयातून बाद झालेला ‘आवक’ शिक्का मी आणला होता. येणाऱ्या प्रत्येक श्रोत्याच्या मनगटावर तो मारायचा, हीच आपली प्रवेशपत्रिका. लोकांना भारी गंमत वाटे. अल्पेशभाई एकदा मनगट पुढे करून म्हणाले होते, ‘रसिकाबेन, आपका पब्लिक तो मेरी थालियों से भी कम है.’ होतेच कमी. पण तू ‘पानी गेला, मीठ ऱ्हायला’ म्हणायला लागलीस की त्या पत्र्याखाली पंख्याचाही आवाज नकोसा व्हायचा. मी दाराबाहेर तोंड करून उभी असे, आत पाहत नसे. माझे डोळे भरलेले कोणी पाहू नये म्हणून.

इथली हकिगत सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. तू गेल्यावर आम्ही कार्यक्रम बंद केले नाहीत. ते आपणहून विझत गेले. उत्तनच्या ज्युलियानाने थोडे महिने तुझी गाणी म्हणून पाहिली, मग एके दिवशी शांतपणे म्हणाली, ही माझ्या तोंडची नाहीत. आपल्यासोबत गाळ्यात वाजवणारे इतर दोन बँडही मोडले. मीरा रोडच्या एका कॅफेत मी धीर एकवटून विचारायला गेले. त्यांना गाणारे हवे होते, पण सिनेमाची गाणी गाणारे, आणि तेही गिऱ्हाइकांच्या गप्पांत व्यत्यय येणार नाही इतक्या हळू आवाजात. निकेत हळदीच्या कार्यक्रमांत पॅड वाजवतो. कॉन्रॅडचा बेस विकायला काढलेला आहे; ओएलएक्सवरचा त्याचा मजकूरही मीच लिहून दिला. गेल्या कार्यक्रमाला शिक्क्याची शाई वाळली होती हे कार्यक्रम संपल्यावर लक्षात आले. कोणीही तक्रार केली नव्हती, कारण मनगट पुढे करणारेच कोणी नव्हते.

आता त्या अर्जाविषयी.

खुल्या मैदानात एकदा तरी गायचे, हा हट्ट तुझा. तुमच्या राई गावातल्या बायकांना गाळ्यात यायला संकोच वाटतो, मैदानात त्या येतील. आईने एकदा तरी मला समोर बसून ऐकावे, असे तू म्हणाली होतीस. मैदानासाठी महापालिकेच्या कार्यालयातून परवानगी हवी होती. खिडकीपुढे उभे राहून बोलणे मला जमणार नव्हते, म्हणून अर्ज निकेतने करायचा, सहीही त्याचीच, असे ठरले. पुढचे तुला माहीत आहे, कारण ते तुझ्याच अंगणात घडले. भर दुपारी चौकशीला त्या कार्यालयाचा एक माणूस राईत आला. तुमच्या शेजारणी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. त्याने गाडीवरूनच विचारले, ‘ऑर्केस्ट्रात गाणारी मनाली इथंच राहते का?’

आपल्या शहरात ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे त्या शेजारणींना कोणी समजावून सांगावे लागले नाही. महामार्गाकडेला काशीगावाच्या बाजूने गेले की ऑर्केस्ट्रा बारच्या त्या पाट्या लागतात. आत गिऱ्हाइकांपुढे माइक हातात देऊन मुली उभ्या केलेल्या असतात. संध्याकाळपर्यंत साऱ्या राईत बोभाटा झाला. रविवारी गोपीनाथकाका गाळ्याच्या दारात आले. माझ्या हातातल्या शिक्क्याकडे त्यांनी एकदा पाहिले, आत जाऊन तुझा हात धरला आणि एवढेच म्हणाले, ‘माजी पोर ऑर्केस्ट्रात गानार न्हाय.’ तू निकेतकडे वळलीस. अर्जात काय लिहिले होतेस, असे विचारलेस. त्याने माझ्याकडे पाहिले, एकदाच, आणि म्हणाला, ‘सही माझीच आहे.’ तेव्हा तू म्हणालीस, ‘रसिकाला विचारून लिहिला असतास तर हे झालं नसतं.’

मनाली, तो अर्ज मी लिहिला होता.

अर्ज लिहिताना आम्ही दोघेच होतो. निकेत म्हणाला होता, सरळ बँड लिही ना, सगळ्यांना समजते. मी म्हटले, बँड वरातीत असतो. शिवाय मराठी अर्जात इंग्रजी शब्द कशाला? मी लिहिले: ‘आमच्या स्थानिक वाद्यवृंदाचा खुला कार्यक्रम.’ त्याने पुन्हा विचारले, हा शब्द चालेल ना तिकडे? आणि मी, जी कोणाशी दोन वाक्ये धड बोलत नाही, ती ठणकावून म्हणाले, ‘हाच शुद्ध शब्द आहे.’ तो हसला आणि त्याने सही केली. खिडकीपलीकडच्या माणसाने वाद्यवृंद वाचले आणि आपल्या सोयीसाठी वहीत ऑर्केस्ट्रा असे नोंदवले. शब्दकोशाप्रमाणे त्याचे काहीच चुकले नाही. वाद्यवृंदासमोर तोच अर्थ दिलेला आहे, मी नंतर पाहिले. पण आपल्या शहरात ऑर्केस्ट्रा या शब्दाचा अर्थ शब्दकोशात नसतो, महामार्गाच्या पाट्यांवर असतो, आणि पाच वर्षे शब्दकोश उशाशी घेऊन झोपणाऱ्या मला तो दिसला नाही.

एवढ्यावर थांबले असते तर निदान चूक म्हणता आली असती. पण मी पहिल्या क्रमांकाची विद्यार्थिनी. कोणी न मागता मी अर्जाला जोडपत्र लावले: कलावंतांची पूर्ण नावे, वडिलांचे नाव, घर, गाव. गायिका म्हणून पहिले नाव तुझे. तो माणूस राईत तुझ्या दारापर्यंत माझ्याच अक्षरांच्या आधाराने पोहोचला.

मी तेव्हा का बोलले नाही, हे दोन वर्षे स्वतःला विचारते आहे. भीती होतीच. पण निव्वळ भीती नव्हती. निकेतने माझ्यासाठी ते स्वतःवर घेतले, त्या मौनात आम्ही दोघेच होतो. तुमचे दोघांचे काय होते हे मला दिसत होते. तरीही, किंवा त्यामुळेच, त्याच्याशी वाटून घेतलेली ती एकमेव गोष्ट मला सोडवेना. तू त्याच्याशी बोलणे तोडलेस, तुला मामांकडे पाठवले, तू कंटेनरच्या कार्यालयात नोंदी करू लागलीस, आणि इकडे मी तुझ्या गाण्याच्या आठवणीने रडत असे. खरेच रडत असे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकते, हे मी कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते.

कॉन्रॅडच्या निमंत्रणाला तू उत्तर पाठवलेस: ‘निकेत राईला जाऊन बाबांची माफी मागेल, तर येईन. नाहीतर नाही.’ निकेतने ते वाचले आणि म्हणाला, शुक्रवारी जातो. इतक्या सहज, जणू किराणा आणायचा आहे. मला कळून चुकले की मी फक्त गप्प बसायचे आहे. तो माफी मागेल, तू येशील, त्या पत्र्याखाली एकदा, शेवटचे, तुझे गाणे होईल, आणि जगात याहून अधिक काही मी कधी मागितलेले नाही. तीन दिवस मी गप्प बसून पाहिले.

आज सकाळी राईला गेले. काका जाळे सांधत होते. मी घोकून गेले होते, तरी तिथे शब्द सापडेनात. जेमतेम एवढे सांगितले की अर्ज माझा होता, निकेतचा नव्हता. त्यांनी धागा दाताने तोडला. मग म्हणाले, ‘शबूद तुजा व्हता, पन नाव माजे पोरीचा गेला. त्याला आता कंचा अर्ज करू?’ तुझ्या आईने पाणी दिले. ते मी घेतले, आणि निघाले. त्यांनी क्षमा केली नाही. त्यांनी करावी असे काही कारणही नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण शुक्रवार हे आहे. निकेतला राईला जाऊ देऊ नकोस. त्याचा फोन तू घेत नाहीस. हा एकच घे, आणि जे त्याला बोलली होतीस ते परत घे. त्यानंतर रविवारी तू येणार नाहीस, हे मी गृहीत धरले आहे. तुझी अट पुरी होण्याची वाट मीच मोडली. फलक लिहून झाला आहे. या वेळी मी ‘बँड’ असेच लिहिले. गायिकेच्या नावाची ओळ कोरी सोडली आहे आणि ती मी भरणार नाही. शिक्का आणि शाईची डबी गाळ्याच्या खिडकीत ठेवून येईन. दारात दुसरे कोणीतरी उभे राहील.

तुझी म्हणवून घेण्याचा हक्क न उरलेली, तरीही तुझीच,
रसिका

सोबत: अर्जाची स्थळप्रत, जोडपत्रासह. अक्षर माझे आहे, ते तू ओळखशील.