कोठ्यातला खुंटा

२९ मार्च

गव्हाण आज फोडली. म्हणजे अर्धीच. पहार मारत होतो तेवढ्यात बाबा येऊन उभे राहिले. म्हणाले, "अर्धी राहू दे."

काहून, विचारलं.

"राहू दे म्हटलं न." आणि निघून गेले.

अर्ध्या गव्हाणीचं मी काय करू? मोटर ठेवायला ती उंच आहे, बसायला अरुंद. कागदावर जो नकाशा काढला होता त्यात ती जागा ड्रिल मशीनची आहे. खोडलं. पुन्हा काढलं. आता ड्रिल मशीन दारात आलं आहे.

कोठा, म्हणजे आमचा बैलांचा गोठा, बाबांनी स्वतःहून दिला आहे हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर मलाच शंका येत राहते. मी मागितला होता दिवाळीत, तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. मग होळीच्या आधी मी अकोल्याला असताना लाख्या विकला. आमचा शेवटचा बैल. मी घरी आलो तर कोठा झाडून ठेवलेला. "घे. रिकामा झाला. कर तुले काय करायचं ते." हेच शब्द. मी जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान टाकणार, मोटरी आणि फवारणीचे पंप. हे त्यांना माहीत आहे. मग गव्हाण?

३१ मार्च

गोपाल मिस्त्री येऊन गेला. आपल्या दर्यापूरकडच्या सगळ्या घरांच्या फरश्या त्यानेच टाकल्या आहेत असं तो सांगतो. जमिनीला पाय आपटून म्हणाला, "गजूभाऊ, हे काळं रान आहे. याच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तं दिवाळीले तुले जमिनीवर भेगांचा नकाशा दिसन. आख्ख्या वऱ्हाडाचा." म्हणजे गुडघाभर माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून ठोकायचा, मग गिट्टी-सिमेंट.

मला हे माहीत होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.

काँक्रीट पाहिजेच. मातीच्या जमिनीवर मोटर उघडली की धूळ तारेवर बसते. मी कामाला होतो त्या अकोल्याच्या दुकानात शेठ दिवसातून दोनदा ओलं फडकं मारायला लावायचे.

शेठचा फोनही आला होता. महिनाभर जागा ठेवतो म्हणाले, मग दुसरा पोरगा बघणार. मी "कळवतो" म्हटलं. काय कळवणार ते माहीत नव्हतं.

३ एप्रिल

खोदकाम सुरू. ऊन फार. माती खोदताना खाली जुनं शेण, चिपाडं, बैलाचा एक तुटका नाल निघाला. नाल धुऊन खिडकीत ठेवला.

मधल्या खुंट्याला गोपालने कुदळ लावली आणि बाबा विहिरीवरून ओरडत आले. मी त्यांना असं धावताना पाहिलं नव्हतं.

"खुंट्याले हात नाई लावायचा!"

गोपाल म्हणाला, "उत्तमराव, बैल नाई तं खुंट्याले काय झेंडा लावता?"

बाबा खुंट्याजवळची सुटलेली माती पायाने दाबून गेले.

खुंटा बाभळीचा आहे, आजोबांनी ठोकलेला. लाख्याने घासून घासून एका बाजूने गुळगुळीत झाला आहे. मला काही तो नकोसा नाही. पण तो बरोबर मधे आहे! येणारा-जाणारा अडखळणार. मोटर उचलून चालताना माणूस पडू शकतो. हे बाबांना सांगायचं ठरवलं, वाक्यही मनात तयार केलं. जेवताना नाही बोललो.

४ एप्रिल

आजही नाही बोललो.

६ एप्रिल

मुरूम आला. पसरला. संध्याकाळी पाण्याच्या नळीने लेव्हल घेत होतो. चारही कोपरे सारखे आले पाहिजेत, त्याशिवाय मला झोप येणार नाही. बाबा आले. नळीतलं पाणी बराच वेळ बघत राहिले.

"उतार मागं ठेवजो. नालीकडे."

दुकानात उतार नको असतो हो, मी म्हटलं. मोटर घरंगळते.

"थोडासा ठेवजो."

गोपाल मुरमावर बसून तंबाखू मळत होता. "काहून उत्तमराव? मोटरी काय मुतनार हाय?"

मी हसलो. मग बाबांकडे पाहिलं आणि थांबलो. ते हसले नव्हते. रागावलेही नव्हते. त्यांचा चेहरा कसा होता हे मला लिहिता येत नाही. कोणी चोरी पकडावी तसा? पण बाबा कशाला चोरी करतील.

कोठा माझा आहे की नाही? आईला विचारलं. ती म्हणाली, "तुहाच आहे. जेव आता."

९ एप्रिल

बाबा वलगावला गेले मामाकडे. बरोबर सरकीच्या ढेपेचं पोतं घेतलं. एसटीत ढेपेचं पोतं! कंडक्टरशी भांडण झालं म्हणे, पण नेलं.

शेषराव मामाकडे जनावर नाही. संत्र्याची बाग आहे आणि एक कुत्रा.

आईला म्हटलं, मामा ढेप कोणाला खाऊ घालणार? ती म्हणाली, "मले काय विचारतं? बापाले विचार न." पण तिने तोंड चुलीकडे केलं.

११ एप्रिल

आज एक गोष्ट झाली. तिचा अर्थ लावतो आहे. अजून लागत नाही.

जुनी तुळई वरून उतरवायची होती. दोर पाहिजे होता. मला लाख्याचं दावं आठवलं. बाबांनी अंबाडीचं वळलेलं, टोकाला आईच्या हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, मानेला काचू नये म्हणून. ते चांगलं मजबूत. कोठ्यात शोधलं, माळ्यावर शोधलं, न्हाणीच्या मागे शोधलं. नाही.

आता जनावर विकलं तरी दावं कोणी देत नाही. आमच्याकडे तर कधीच नाही. घेणारा त्याचं दावं घेऊन येतो, आपलं सोडून घ्यायचं, घरात ठेवायचं. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. लाख्याचा जोडीदार विकला तेव्हा बाबा बाजारातून दावं खांद्यावर टाकून चालत आले होते, मी लहान होतो. ते दावं अजून देवघराच्या खुंटीला आहे.

मग लाख्याचं कुठे आहे?

आई म्हणाली, "असन कोठंतरी."

दावं गेलं असेल तर बाबांनी विकताना चूक केली. बाबा अशी चूक करणार नाहीत. म्हणजे मग

पुढचं उद्या लिहीन. नीट विचार करून.

१४ एप्रिल

तार आणायला अमरावतीला जातो असं घरी सांगितलं. तार आणलीही, म्हणजे खोटं बोललो नाही. येताना वलगावला उतरलो.

मामाच्या विहिरीजवळ कडुनिंब आहे. त्याखाली लाख्या उभा होता. गळ्यात तेच दावं. हिरवी पट्टी.

त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, परत खाली घातली. ओळखलं की नाही कळलं नाही.

मामा मागून आले. "तुह्या बापानं सांगतलं, गजूले सांगू नको. म्हनून मी सांगून नाई राहिलो. तुले दिसला तं दिसला."

विकला नाही का, मामा?

"विकला असता तं माह्या दारात काहून राहिला असता? ठेवाले देला. आठ दिवसांनी येते तुहा बाप, त्याच्यापाशी बसते, जाते. माह्याशी तं धड बोलतही नाई. मी मेहुणा की चौकीदार तेच समजून नाई राहिलं."

चहा घेतला. मामी नव्हती. काय बोललो आठवत नाही. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की तारेची पिशवी मामाकडेच राहिली. परत गेलो. लाख्या बसला होता.

१५ एप्रिल

आईला सांगितलं, मी पाहून आलो. ती भाकर थापत होती. हात थांबले नाहीत.

"तुह्या बापाले वाटलं, तू आयटीआय सोडलं. अकोल्यातून दोनदा वापस आला, दोनदा गेला. हे दुकानही दोन महिन्यांत बंद पडलं आन् तू निघून गेला, तं कोठा रिकामा. बैलही नाई, पोरगाही नाई. म्हनून त्यानं बैल विकला नाई. बस एवढंच. तुह्या बापाच्या मनात वाईट काही नाई रे."

अर्धी गव्हाण. खुंटा. उतार. आता सगळं जागच्या जागी बसतं. आणि तरी मला काहीच समजत नाही. त्यांनी माझ्यासाठी कोठा रिकामा केला. आणि मी जाईन हे धरून ठेवलं. दोन्ही खरं कसं असेल? मला राग यायला पाहिजे. सकाळी येतो, दुपारी जातो.

खरं म्हणजे त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर बैल पणाला लावला नसता.

१७ एप्रिल

नवा नकाशा काढला. टेबल भिंतीला, ग्राइंडर खिडकीखाली, नालाच्या बाजूला. मधे चालायला वाट, खुंट्याला वळसा घालून. अडखळणार नाही. चालून बघितलं, डोळे मिटूनही.

१९ एप्रिल

काँक्रीट ओतलं. पहाटेपासून. मिक्सर गावातूनच मिळाला. गोपालला मी आधीच सांगून ठेवलं होतं: खुंट्याभोवती फळ्यांची चौकट ठोकायची, आत काँक्रीट जाऊ द्यायचं नाही. माती उघडी राहील. आणि उतार मागे, नालीकडे, अगदी थोडा.

गोपालने माझ्याकडे पाहिलं. "तूही? घरातल्या हवेतच काही आहे वाटते."

त्याने मात्र चौकट तिरपी ठोकली होती. मी काढून, गुण्याने काटकोन बघून सरळ करून घेतली. तो म्हणाला खड्ड्याले कोण गुण्या लावते राजा. मी लावतो.

बाबा दुपारी आले. दारातच उभे राहिले, ओलं होतं म्हणून. चौकटीकडे पाहिलं, मग उताराकडे. मग माझ्याकडे. मी थापी धूत होतो.

"जेवला काय?" म्हणाले.

हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

२० एप्रिल

तडा नाही. पोती अंथरली, पाणी मारलं. पुन्हा पाहिलं. तडा नाही.

२४ एप्रिल

पाणी मारणं चालू आहे. या उन्हात काँक्रीट वाळून फुटू नये म्हणून सारखी पोती ओली ठेवावी लागतात. मी सकाळी मारतो. दुपारी जाऊन पाहतो तर पोती ओलीच असतात. आईने मारलं असेल म्हटलं. आईने नाही मारलं.

आज दुपारी मुद्दाम थांबलो. बाबा बादली घेऊन आले. आम्ही दोघांनी मारलं, ते एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. लाख्याबद्दल ते बोलले नाहीत. मीही नाही. मी पाहून आलो हे त्यांना आईने सांगितलं आहे का? काय माहीत. खुंट्याच्या मातीवर पाणी जाऊ नये म्हणून ते जपून ओतत होते. मीही.

तेवढ्यात शेठचा फोन आला. महिना भरत आला, येतो की नाही ते सांग. मी म्हटलं, शेठ, येत नाही. ते म्हणाले मग परत येतो म्हणू नको. नाही म्हणणार, म्हटलं. माझं काम आहे इथं.

आवाज फार मोठा निघाला, रिकाम्या कोठ्यात घुमतो. हात ओले होते. फोन पाण्यात पडणार होता, वाचला.

बाबांची बादली रिकामी झाली होती. तरी ते ती वाकडी धरून उभे होते.

२५ एप्रिल

बाबा सकाळच्या गाडीने वलगावला गेले. ढेप नेली नाही. आज वार त्यांचा नव्हता.

मी दुपारी पाणी मारलं.

२६ एप्रिल

बाबा आत्ता आले. खांद्यावर दावं. हिरव्या पट्टीचं. नुसतंच.

पाणी प्यायले नाहीत, सरळ कोठ्यात गेले. चपला दारात काढल्या. नव्या जमिनीवरून चालले, वळसा घालून. दावं खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलं, नालाशेजारी. मग ते खुंट्याजवळ वाकले, दोन्ही हातांनी धरून हलवला. निघाला नाही.

म्हणाले, "पहार आन. आन् गोपालले सांग, एवढा खड्डा भरून दे म्हना."