सरसोंतली पायवाट

अहो,

पोहे झाकून ठेवलेत. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते ती शाळा मी काल शोधून आले. या नव्या सेक्टरात पाट्याच नाहीत. जो तो ‘दारूच्या ठेक्यावरून डावीकडे’ असंच सांगतो. गेल्या रविवारी तुम्ही का पोचला नाहीत, ते तिथे उभी राहिल्यावर कळलं.

आज मागच्या गेटातून निघा. सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, शेतातून शाळेपर्यंत पायवाट आहे. अर्धवट बांधलेले टॉवर धुक्यात तरंगतात, कुठेतरी मोर ओरडतो, आणि आपण कुठे राहतो हेच विसरायला होतं.

बरोबर आले तर हात धरून आणल्यासारखं वाटेल, म्हणून पुढे जाऊन शाळेच्या कुंपणापाशी थांबते. आजवर तुमचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. धुक्यातून ‘विलास’ अशी हाक आली, तर ती माझीच.

सुमित्रा