डोळे मिटून पडायचं आसन

दादा, तुम्हाला मरून इतकी वर्षं झाली, तरी माझ्या बरगडीत तुम्ही अजून दुखता. हिंगोलीच्या मोंढ्यात एका हमालाची गचांडी धरलीत, मारायला हात उचललात अन् तसेच हळदीच्या पोत्यांवर कोसळलात. रागानंच काळीज फुटलं, असं लोक म्हणाले. बाप मेला अन् मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं.

आता माझ्याही काळजाला स्टेंट बसवलाय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका, राग आवरा, सोसतील तेवढी आसनं करा. लेक शिकवते. सकाळी सतरंजी अंथरते, ताडासनात हात वर करायला लावते, सेतुबंधात कंबर उचलायला. 'बाबा, श्वास कोंडू नका!' ते सगळं जमतं. शवासन तेवढं जमत नाही. नुसतं डोळे मिटून पडायचं, त्यात काय एवढं, म्हणते. तिला काय माहीत!

लहानपणी डोंगरकड्याच्या माळावर शेळ्या राखताना माझा डोळा लागला होता. शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरल्या. तुम्ही मला उठवलंसुद्धा नाही. झोपेतच काठी बरगडीवर बसली, मग पाठीवर, मग तोंडावर. तोंडातलं रक्त मातीत सांडून राहिलंय अन् तुम्ही वरून ओरडता, 'झोपतो काहून रे, हरामखोरा?' माय मधी पडली, तर तिचं डोकं फोडलंत. त्या दिवसापासून कुणी जवळ असलं की माझे डोळे मिटत नाहीत.

काल कसे कोण जाणे मिटले. माझा खांदा सैल आहे का, ते पाहायला पोरीनं हात लावला. अन् दादा, मी तिचा गळा धरला. शुद्धीवर आलो तेव्हा लेकराचे डोळे पांढरे झाले होते, माझी दुसरी मूठ वर होती अन् बायको माझ्या मनगटाला कडकडून चावत होती.

आज पोरीनं गळ्याला ओढणी गुंडाळून सतरंजी अंथरली अन् दारात जाऊन उभी राहिली, एक पाय बाहेर ठेवून.

'भ्याली का गं?'

'न्हाई.'

हे 'न्हाई' मला चांगलं ठाऊक आहे. मी तुम्हाला असंच म्हणायचो. उद्यापासून तिला म्हणणार आहे, तू लांबूनच सांग बाई, मी करतो. तिनं कधी मला असा कागद लिहू नये, एवढंच पाहिजे.

हा तर चुलीतच जाईल. तुम्हाला चार शिव्या हासडायला बसलो होतो. एकही लिहिली नाही. तुम्ही वाचाल, असं अजून वाटतं.