आईच्या नावाचा तांब्या

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून तुमच्याविषयी वावगा शब्द गेलेला नाही, कोणालाही विचारा. आज पहिल्यांदाच तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. खरं तर बसले होते भाषण लिहायला. येत्या रविवारी आपल्या शाळेत तुमचा फोटो लावणार आहेत. संगमेश्वरपासून मुंबईपर्यंतचे जुने विद्यार्थी जमणार आहेत. तुमच्याविषयी बोलायचं आणि फोटोला हार घालायचा मान माझा, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय. बाईंची लाडकी ती, दुसरं कोण घालणार, असं म्हणाले.

पाचवीत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायला लागलात. कोणाचं काय, हे शिकवताना तुम्ही पुस्तक उघडलंच नाही. 'उद्या येताना घरातली एकेक वस्तू आणा, आणि ती कोणाची ते नीट विचारून या,' म्हणालात. दुसऱ्या दिवशी वर्गाचा बाजार झाला. कोणाच्या वडिलांची बॅटरी, कोणाच्या आजीची चष्म्याची डबी, खाडीकाठच्या एकानं बापाची जाळं विणायची सुई आणली, एकीनं तर आईची विळीच गोणपाटात गुंडाळून आणली. तुमच्या टेबलावर क्रोशाचा पांढरा रुमाल असायचा. एकेक जण पुढे येतोय, वस्तू रुमालावर ठेवतोय, तुम्ही ती उचलून सगळ्यांना दाखवताय. 'हूज इज धिस?' आणि आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडतोय, 'धिस इज हिज फादर्स टॉर्च! इट इज हिज!' मग तुम्ही फळ्याकडे वळलात. मराठीत तिचा डबा, तिची विळी, तिचं ताट, वस्तू बदलली की शब्द बदलतो. इंग्रजीला वस्तूशी काही देणंघेणं नाही. डबा असो की विळी, बाईमाणसाची असली की हर, पुरुषाची असली की हिज. आणि फादर, मदर असं कोणी असेल तर त्याच्या शेवटी वर एक स्वल्पविराम टांगायचा आणि एस लावायचा. 'इंग्रज माणूस आधी मालक बघतो,' असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही सगळे हसलो.

मी आईचा तांब्या आणला होता. तिच्या आईनं लग्नात दिलेला, गळ्याशी टिंबाटिंबांनी तिचं नाव घातलेलं. आईला वाचता येत नाही, पण ते नाव तिच्या बोटांना कळायचं. आदल्या संध्याकाळी तिनं तो चिंचेनं आणि राखेनं घासला, माझ्या हातात दिला आणि परत घेऊन पुन्हा घासला. माझी पाळी आली तेव्हा शेजारची मैत्रीण कानाशी लागून म्हणाली, 'बाईंनी सांगितलंय, तू टेबलावर ठेवू नको, हातातच धर.' मी धरला. तुम्ही खुर्चीतूनच म्हणालात, 'तू हुशार आहेस, तुझी वस्तू तूच दाखव.' बाकीच्यांची ओळख वर्गानं करून दिली, हिज आणि हर म्हणत. माय म्हणायला मिळालं ते एकट्या मला. मी म्हटलं, 'धिस इज माय मदर्स पॉट.' माझा आवाज पडला, तशा तुम्ही कडाडलात. 'माय म्हणताना पुटपुटतेस काय? आपलं ते आपलं म्हणायला लाज कसली? मोठ्यानं!' मी मोठ्यानं म्हटलं. वरचं नाव वाचायला सांगितलंत, तेही वाचलं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं माझ्या.

त्या मोठ्यानं म्हणण्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे, बाई. आमच्या बौद्धवाडीतून ऑफिसात खुर्चीवर जाऊन बसलेली पहिली मुलगी मी. इथे रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या ज्या कारखान्यात मी आहे, तिथून आंब्याचा रस डबाबंद होऊन परदेशी जातो. त्याचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. दिवसभर अवर, युअर, देअर, बायर्स, एजंट्स चालू असतं. नव्या मुली मालकीच्या इट्सवर स्वल्पविराम टांगतात, तेव्हा मी अगदी तुमच्या सुरात ओरडते. साहेब एकदा म्हणाले, तुमचं इंग्रजी कुठलं हो? मी म्हटलं, आमच्या बाईंचं.

गेल्या मंगळवारी त्याच मैत्रिणीकडे चहाला गेले होते. ती आता रत्नागिरीतच असते. कार्यक्रमाचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, भाषणात तांब्याचंच सांगणार, सबंध वर्गातून बाईंनी मला एकटीला कसं निवडलं ते. ती साखर घालता घालता थांबली.

'अगो, निवडलं कसलं? तुमच्या घरातला पाण्याचा तांब्या त्या रुमालावर कसा ठेवणार? बाई किती सोवळ्यातल्या. मला आधीच सांगून ठेवलं होतं, तिला हातातच धरू दे, तिच्या वस्तूला मी हात लावायची नाही.'

मी तिच्या हातातला चमचा घेतला आणि चहा ढवळायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली.

'तुला म्हायत नव्हतं? आम्हाला सगळ्यांना म्हायत होतं गो.'

वाईट मनानं नाही बोलली ती. तिच्याच कपात चहा पिऊन मी घरी आले. एक अख्खा वर्ग चाळीस वर्षं जाणून होता, आणि मला एकटीलाच ठाऊक नव्हतं.

केसानं गळा कापलात, बाई. गावात विहिरीवर तोंडावर बोलणारी माणसं होती. त्यांचा राग करता यायचा, आई तर भांडूनही यायची. तुम्ही अपमान बक्षिसासारखा गुंडाळून दिलात आणि मी तो मिरवत राहिले. आधी मालक बघायचा, हे तुम्हाला इंग्रजाकडून शिकायची गरजच नव्हती. मंगळवारपासून मी एकेक दिवस उलटा करून बघते आहे. माझी वही तुम्ही हातात घ्यायचात, म्हणजे कागद चालायचा. तुमच्या घरी अभ्यासाला यायचे तेव्हा मला पडवीत बसवायचात, इथे वारा छान लागतो म्हणायचात. वारा लागायचा खरा. शाळा सोडताना तुम्ही मला शब्दकोश दिलात. तो माझ्या हातात दिलात, की खिडकीत ठेवून 'घे' म्हणालात? मला आठवत नाही. काल ऑफिसात पत्र अर्धवट टाकून मी तेवढंच आठवत बसले होते. आणि तुमचं शिकवणं खोटं होतं, असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण ते पत्र शेवटी मी तुमच्याच शब्दकोशात बघून पुरं केलं. तुमचा राग करायचा तर माझ्यात काय शिल्लक ठेवायचं, ते तरी सांगून जायचं होतंत.

मैत्रिणीला फोन करून सांगितलं, हार दुसऱ्या कोणाकडून घालून घ्या, माझी कंबर धरली आहे. भाषणाला मात्र नाही म्हणता आलं नाही, आणि त्याचं कारण आई. ती माझ्याकडेच असते. कानांनी कमी ऐकू येतं, पण माझं भाषण म्हणून चार दिवस तिला चैन नाही. आज सकाळी चहा पिता पिता म्हणाली, 'झालं काय गो लिहून? तांब्याचं सांग हां. एवढी मोठी बाई, पण आपला तांब्या हातात घेतलान. माझं नाव वाचलान. किती चकचकीत, म्हणाली. तेवढं सांग सगळ्यांना. असली माणसं आता ऱ्हायली नाय.'

तिनं कप बशीत ठेवला आणि मी हो म्हणायची वाट बघत बसली. मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मला एकटीलाच ठाऊक नव्हतं, असं मी वर लिहिलंय. पण आईला हे सगळं सांगितलं कोणी? ती शाळेत आली नव्हती, तुमची-तिची कधी गाठ पडली नव्हती. त्या दिवशी मी तांब्या घेऊन घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. 'बाईन हातात घेतलान काय गो?' असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. हातात घेतला, तुझं नाव वाचलं, किती चकचकीत म्हणाल्या. दहा वर्षांची होते मी. मला काहीच कळलं नसतं, तर एवढं खोटं मी कशाला बोलले असते?