बाकीचे दोन तुकडे

१८ फेब्रुवारी

आज गावच्या ग्रुपवर बाबांचा आवाज आला. अठ्ठावीस सेकंद. ‘द्या की रस्ता. तोडा देवरहाटी. पाहिजे तर देऊळ पण आडवं करा, डंपरला वळायला जागा होईल. देवाला काय, राहील कुठंतरी भाड्यानं.’ बस्स, तिथेच बंद. खाली नितेशने लिहिलंय — सखारामने देव विकायला काढला.

नितेश! शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. आठवीत दोघंही नापास. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात दोन वर्षं एकत्र बर्फ फोडला. मग मी इकडे शारजाला आलो, हॉटेलांच्या चादरी धुवायला. त्याने जेसीबी घेतला.

रविवारी देवळात गावकीची सभा होती. चिरेखाणवाल्याला देवरहाटीतून डंपरचा रस्ता हवाय. देवाच्या नावानं राखलेलं रान ते, तिथली काडी कोण मोडत नाय. बाहेरगावच्या पोरांना ऐकायला म्हणून नितेशनेच फोन धरला होता. मी अख्खी सभा ऐकली. बाबा टोमणा मारत होते! त्यांचं बोलणंच तसं. सरळ नाय म्हणतील तर ते बाबा कसले. सगळा गाव हसला होता तेव्हा. आणि पुढे बोलले, ‘वाटलं, कोणतरी हो म्हणेल. कोणाचं तोंड उघडत नाय ना? मग माझा नकार लिहा. आमच्या आज्यानं या झाडांना कोयती लावली नाय, मी लावू देणार नाय.’ ते कुठाय? ते कोणी कापलं?

ग्रुपवर लिहिलं हे सगळं. शिव्या पण लिहिल्या.

१९ फेब्रुवारी

नितेशने मला ग्रुपमधून काढलं.

२१ फेब्रुवारी

अक्षयाचा फोन. रत्नागिरीत मेडिकलमध्ये कामाला आहे, शनिवारी घरी जाते. बोलली, दादा, आईचं दळण गिरणीवाल्याने परत पाठवलं, पट्टा तुटलाय म्हणून. मागून शेजारणीचं दळून दिलं. तिठ्यावर बाबा बसले तर माणसं उठतात. सभेत जे हसले होते ते पण आता खाणवाल्याला भिऊन वेगळंच बोलतात. आणि मानकऱ्यांचं चाललंय की शिमग्याला पालखी आमच्या घरी न्यायची नाय.

पालखी नाय! सहाणेवरून, देवाच्या ओट्यावरून, पालखी उचलताना पहिला खांदा आमच्या घराचा. आज्यापासून. आई महिना आधी अंगण सारवायला घेते. देव वर्षातून एकदा दारात येतो आणि तो शेजाऱ्याकडून परत फिरणार. अठ्ठावीस सेकंदांसाठी.

बाबा काय बोलले विचारलं. हसतात, बोलली. ‘देवाला माझा आवाज पूर्ण ऐकू गेलाय’ म्हणतात.

देवाला गेला असेल. गावाचं काय?

२२ फेब्रुवारी

दिवसभर इस्त्रीच्या मोठ्या रोलवर. एक चादर जाळली. सुपरवायझर ओरडला, मी ऐकून घेतलं.

डोक्यात एकच. याला कायदा पाहिजे. कडक. इथं कामगारांच्या कॅम्पच्या बोर्डावर चार भाषांत कागद लावलाय — खोटी बातमी पुढे पाठवली तर दंड, तुरुंग. म्हणून इथं माणूस बोट उचलायच्या आधी विचार करतो. आपल्याकडे सकाळच्या गुलाबाच्या फुलाबरोबर माणसाची अब्रू पाठवतात आणि खाली हात जोडतात! आमच्या समोरच्या खाटेवरचा बिहारी बुधवारपासून नाय. फॉरवर्ड केलं म्हणून उचलला म्हणतात. असंच पाहिजे. नितेशला असा उचलला पाहिजे, जेसीबीवरून खाली, सगळ्या वाडीच्या देखत.

२३ फेब्रुवारी

दीपकशी वाजलं. दीपक मालगुंडचा, माझ्या वरच्या खाटेवर झोपतो, बारावी झालाय, म्हणून सगळं त्याला कळतं. मी कायद्याचं बोललो. तो विचारतो, आधी कोणाला धरतील? नितेशला, मी बोललो.

‘नितेशच्या मागे खाणवाला हाय. तुझ्या मागे कोण? चादरी?’

मग बोलला, माणसाला वाळीत टाकू नये असा कायदा आपल्या राज्यात आहेच की, कधीपासून आहे. तुझ्या आईचं दळण मग कसं काय परत आलं? आणि खरं कुठलं, खोटं कुठलं, हे ठरवणार कोण? सरकार? उद्या खाणीविरुद्ध लिहिणारा पण अफवा पसरवतो म्हणून आत जाईल.

मग त्याला बोललो, तू खाणवाल्याचा जावई काय? तो हसला. माझ्या ताटात त्याच्यातला अर्धा बांगडा टाकला. त्याचा तर जास्त राग आला.

पण मी मागे नाय हटणार. कायदा वाकडा वापरतील म्हणून करायचाच नाय? रस्त्यावर गाड्या ठोकतात म्हणून सिग्नल काढतो काय आपण? ज्याच्या बापावर येतं त्याला विचारा.

२५ फेब्रुवारी

अक्षया बाबांना घेऊन रत्नागिरीला पोलिसांत गेली. मीच चार दिवस तिचं डोकं खाऊन तिला पाठवली. बाबा तयार नव्हते. तिथल्या साहेबांनी नीट ऐकलं, अर्ज घेतला. बोलले, वेळ लागेल, पण पहिला पाठवणारा शोधून काढू. कापून पहिल्यांदा टाकलं कोणी, तोच खरा गुन्हेगार.

मी दीपकला पेढा दिला. पेढा म्हणजे बिस्कीट. पण दिला!

२७ फेब्रुवारी

समोरचा बिहारी परत आला. बाप वारला म्हणून गावी गेला होता. कोणी उचलला नव्हता. मी सहा जणांना सांगितलं होतं.

१ मार्च

रमजान लागला. कामाचे तास कमी. वेळ मिळाला म्हणून नितेशला फोन केला. त्याला सांगायचं होतं — पोलीस येतायत, पहिला पाठवणारा सापडणार, आता जेसीबी विकून वकील कर.

तो बोलला, ‘अरे खुळ्या, मी कुठं काय कापलं? तुझ्या स्टेटसवरून उचललं. आवाज सगळा तसाच.’

मी फोन ठेवला. स्टेटस उघडलं.

खरं आहे. त्या रविवारी सभा ऐकताना बाबांचं बोलणं मी रेकॉर्ड केलं. काय बोलले बाबा! सगळ्या कॅम्पला ऐकवलं. मग स्टेटसला टाकायला घेतलं. अख्खं जाईना म्हणून तीन तुकडे केले आणि लावून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी होती, झोपलो. पहिला तुकडा चढला. बाकीचे दोन कॅम्पच्या वायफायवर अडकले. अजून तसेच आहेत, बाजूला गोल बाण घेऊन — परत पाठवू का विचारत. मी बघितलंच नाय. ग्रुपवर ऐकताना इतका पेटलो होतो की आपण कापताना कुठे बोट सोडलं होतं ते ध्यानातच आलं नाय.

नितेशने एक ओळ लिहिली. बापाचं तोंड मी कापलं.

२ मार्च

पहिला पाठवणारा मी.

३ मार्च

बाकीचे दोन तुकडे पाठवायला बसलो. ग्रुपमध्ये नाय, म्हणून एकेकाला. त्रेचाळीस जण. मुंबईचे, पुण्याचे, वाडीतले. एकोणतीस जणांनी उघडलंच नाय. मिरकरवाड्यातल्या बोटीवरचा जुना तांडेल, त्याने उत्तर दिलं, ‘आता हे एआयने बनवतात रे. बापासाठी केलंस, चांगलं केलंस.’ वर अंगठा.

खोटं ऐकायला त्यांना पुरावा लागला नाय. खरं पाठवलं तर मशीनने बनवलेलं.

दीपकला सांगितलं सगळं. मला वाटलं, आता बोलेल, बघ, तुझा कायदा. तो उतरून माझ्या खाटेवर बसला, तेवढंच.

विचार करतोय. मला पाहिजे होता तसा कायदा असता तर त्यात आधी मीच. मी वाईट मनाने केलं नाय, हे कोणत्या कलमात बसतं? आणि नितेशने एक ओळ लिहिली, ती तर त्याचं मत! तो सुटला. तरी पण लिहितो, खोटं कशाला लिहू — कायदा पाहिजेच, अजून वाटतं. फक्त आता त्याची भीती पण वाटते. एप्रिलमध्ये सुट्टीवर जायचंय. विमानतळावर थांबवतील काय?

६ मार्च

आज बाबांना सांगितलं. अक्षयाला नाय, आधी बाबांना. त्यांनी आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या, ऐकू आलं.

‘रेकॉर्ड कशाला केलंस?’

‘भारी बोललात म्हणून.’

मग विचारलं, अजून कोणाला माहीत आहे. मी सांगितलं, नितेशला आणि दीपकला. म्हणाले, बरं. जेवलास काय? मी म्हटलं, हो. नव्हतो जेवलो.

मला शिव्या द्यायच्या होत्या त्यांनी. एक टोमणा तरी मारायचा. जन्मात पहिल्यांदा सरळ बोलले माझ्याशी.

१० मार्च

अक्षया भडकली आहे. बाबा एकटेच एसटीने रत्नागिरीला गेले आणि अर्ज मागे घेतला. तक्रार नाय म्हणून लिहून दिलं. साहेबांनी दोनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे काय? बाबा नाय बोलले.

ती मला विचारते, ‘दादा, तू त्यांना काय सांगितलंस? तूच तर मागे लागला होतास.’

मी बोललो, ड्युटी आहे.

१३ मार्च

आज गावी होळी. इथं कॅम्पच्या मागे दीपकने पुठ्ठा पेटवायचं म्हटलं, मी नको बोललो.

आई रोज अंगण सारवते म्हणे.

१५ मार्च

अक्षयाने आता सांगितलं. सकाळी सहाणेवर सगळा गाव जमलेला, पालखी उचलायच्या आधी बाबा पुढे गेले. डोक्यावरची टोपी काढली, नारळ ठेवला. बोलले, ‘आवाज माझा आणि शब्द पण माझे. कोणी कापलं नाय, कोणी जोडलं नाय. चुकलो. देवाने पदरात घ्यावं.’ मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. दुपारी पालखी आमच्या दारात आली. आईने ओटी भरली. रडली. तिला वाटतं सगळं निवळलं.

अक्षया विचारते, खोटं का बोलले? तिला सांगितलं शेवटी. तिने फोन ठेवला.

१७ मार्च

रस्त्याचा ठराव झाला. नकार देणारा एकच माणूस होता, आणि त्याने देवासमोर सांगितलंय की तो हो म्हणाला होता. आता नाय म्हटलं तर कोणी कापलं ते निघेल. कागदावर पहिली सही बाबांची.