झारची पोरं

अप्पा, तुम्हाला एक विचारायचं राहून गेलंय.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात तुम्ही माझ्या नव्या वह्यांना कव्हरं घालताय. युनियनच्या ऑफिसातून आणलेली जुनी रशियन मासिकं, गुळगुळीत कागदाची. तुमच्या तुर्भ्याच्या कंपनीला टाळं लागून चार महिने झालेत. घडी दाबता दाबता तुम्ही रशियाच्या रोमानोव्ह घराण्याची गोष्ट सांगताय. सोळा वर्षांच्या पोराला लोक गादीवर बस म्हणून विनवायला गेले, तर त्याची आई रडून नको म्हणाली. तरी बसवलंच. मग तीनशे वर्षं राज्य, आणि शेवटच्या झारला बायकापोरांसकट तळघरात गोळ्या घातल्या. हे सगळं तुम्ही अगदी खुशीत सांगत होतात. मी विचारलं, पोरांनी काय केलं होतं?

तुमचा हात थांबला. "राजाच्या पोरांचा लई पुळका आलाय तुला? आपल्या पोरांचं कोन इचारतं?"

उरलेल्या वह्या तुम्ही तशाच सरकवल्यात. भूगोलाची वही वर्षभर उघडीच राहिली. माझं काय चुकलं ते मला मेलं कळेचना.

मग अठ्ठ्याण्णवच्या जुलैत टीव्हीवर बातमी आली, ऐंशी वर्षांनी त्या झारची आणि पोरांची हाडं पुरली म्हणून. शवपेट्या लहान होत्या. तोवर तुमचा तो लाल देश बुडाला होता, आणि कंपनीचं टाळंही निघालं नव्हतं. तुम्ही टीव्ही बंद केलात, मोरीत गेलात आणि भर संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ केलीत. आजीचं सुतकसुद्धा न पाळलेले तुम्ही! आईनं घाबरून तवा खाली उतरवला. "गावाकडचं कोन गेलं?"

"कुनी नाय. उकडतंय."

त्या दिवशी पावसानं चांगला गारठा होता. ती अंघोळ कुणाची होती, अप्पा? त्या पोरांची, की तुमच्या बुडालेल्या देशाची? की खरंच तुम्हाला उकडत होतं? मी अठरा वर्षांची होते, भूगोलाच्या वहीचा राग अजून धरून होते, म्हणून विचारलं नाही. पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात.

आता मी शाळेत इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलीनं उभं राहून तोच प्रश्न विचारला. परीक्षेला येत नाही, खाली बस, असं मी तिच्यावर खेकसले. बिचारीचा चेहरा उतरला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. मला उत्तर येत नव्हतं. तुम्ही रागावलात म्हणजे तुम्हाला येत असणार, असंच मी आजवर धरून चालले होते.