एकाच घरातला ताप

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या बाईंकडून लिहून घेतला. त्यांच्या चुकलेल्या वेलांट्या पाहूनही मी गप्प बसलो. यावरून मी किती थकलोय ते ओळख.

बाकी ठीक. कॉलेजात संस्कृतला यंदा तीन विद्यार्थी आहेत. त्यांतला एक केवळ पंख्याखाली बसायला येतो, पण नियमाने येतो. ताईची खोली आठवड्यातून एकदा झाडतो, आणि आत जाताना अजून दार वाजवतो. एकट्यापुरता स्वयंपाक करता येत नाही हे पन्नाशीनंतर कळलं. आपल्याकडचं लहानात लहान पातेलंसुद्धा दोघांचं आहे.

गेल्या महिन्यात इस्पितळातून फोन आला. ताईला दाखल केलं तेव्हा तिच्या रक्ताची एक कुपी संशोधनासाठी ठेवायला मी सही दिली होती, आणि साफ विसरलो होतो. तीन वर्षांनी तिचा अहवाल आला. समजावून सांगणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या वयाच्या. मी पूर्वपक्ष मांडत राहिलो, त्या बिचाऱ्या उत्तरं देत राहिल्या. तात्पर्य असं: विषाणू एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडून शेजारणींना सावध करते. ताईच्या पेशी इशारा देत होत्या, पण तो घेणारा भागच जन्मापासून सदोष. म्हणजे हाक येऊनही शेजारणींना काहीच कळत नव्हतं. त्या भागाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. तिच्या दोन्ही बिघडलेल्या. आई ही बाबांच्या मामाचीच मुलगी, असं मी सांगितलं तेव्हा बाईंनी मान हलवून ते लगेच लिहून घेतलं. माझंही रक्त तपासलं, त्याचा निकाल काल मिळाला. माझी एक प्रत शाबूत आहे, आणि एकीवर भागतं.

खरं सांगू? ऐकून आधी हायसं वाटलं. घरी येईपर्यंत रस्ताभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो आणि प्रत्येक वेळी जिंकलो. मग कुलूप काढताना वाटलं, जिंकून सांगायचं कोणाला? परीक्षेच्या हॉलमधून ताप घरी मीच आणला होता. मी तीन दिवस शिंकलो आणि चौथ्या दिवशी पेपर तपासायला बसलो. मला गरम पाणी आणून देणारी ताई नवव्या दिवशी गेली. इस्पितळाच्या जिन्यात तू विचारलंस, ‘दादा, कणकण होती तर घरी कशाला आलास?’ त्याचं उत्तर अहवालात नाही. त्यानंतर तू बोलला नाहीस, त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. काल डॉक्टरबाईंनी विचारलं, आणखी कोणा भावंडाला असा जबर ताप आला होता का? मी ठामपणे नाही म्हटलं. इस्पितळाच्या फाटकापर्यंत पोचलो आणि आठवलं. तू नऊ वर्षांचा होतास. तापाची साथ आली, वर्गातली सगळी पोरं तीन दिवसांत शाळेत परतली, तू वीस दिवस अंथरुणात. मी तुला नाजूकराव म्हणायचो. निबंध चुकवायला सोंग करतोय, असं आईला मीच पटवलं. बाराव्या दिवशी तुला पेला उचलेना, तेव्हा कुठे तिने डॉक्टर बोलावला. त्या डॉक्टरांनीही अशक्तपणा म्हणून सोडून दिलं. मी मागे फिरलो आणि बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, एरवीही भावंडांत चारांत एकाला हा दोष असू शकतो, पण हे ऐकल्यावर तुमच्या भावाने तपासणी करून घ्यायला एक दिवसही दवडू नये. आधी कळलं तर तापाच्या पहिल्याच दिवशी औषध सुरू करता येतं, कोणत्या लशी घ्यायच्या आणि कोणत्या टाळायच्या हेही ठरवता येतं. तुझ्या गावातल्या प्रयोगशाळेचा पत्ता सोबतच्या कागदावर आहे. निकाल मला कळवायलाच हवा असं नाही. पण अंग तापलं तर वाट बघत बसू नकोस, आणि जवळ कोणी नसेल तर मला फोन लाव. तू काही बोलला नाहीस तरी मी निघेन.

तुझाच,
थोरला